दोनदा ‘चुकून’

६ एप्रिल २०२५
हैद्राबाद

वयनी,

वर काय घालायचं, तीर्थरूप का श्रीमती, यात माझी अर्धी सुट्टी गेली. शेवटी नुसतं वयनी लिहिलं. तेही तू चालवून घेशील की नाही, माहीत नाही. दादानं तुला दासगावला माहेरी नेऊन सोडल्यापासून तू माझा एक फोन उचलला नाहीस. दुसऱ्या नंबरवरून केला तर सोमादादा उचलतो. म्हणतो, "तिला बोलायचं नाय तुझ्याशी. आणि वयनी वयनी काय करतोस रे, तुमच्या घरातून काढलीत ना तिला?" तुझा भाऊच तो, बोलणारच. म्हणून हे पत्र. आठवी नापास माणसाचं आहे, तू बारावी शिकलेली. चुका दुरुस्त करत वाच.

कामाचं सांगतो. मी अजून त्याच कोंबडीच्या कंपनीत आहे. तूच आईला सांगायचीस की हा एका जागी सहा महिने टिकायचा नाही. मुंबईतलं हॉटेल, वापी, सुरत, सगळीकडून पळालो ते खरंच आहे. इथं मात्र दीड वर्षाच्या वर झालं.

इथं कोंबडीचा खिमा पातळ नळीत भरून बोटभर लांब कांड्या करतात. सॉसेज म्हणतात. शहरातली पोरं पावाबरोबर खातात. महिनाभर थंडीत ठेवल्या तरी लालसर राहतात, वास धरत नाहीत, कारण आत एक रसायन असतं. आता लोक पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचायला लागलेत. त्यांना रसायन नको. तेव्हा मालकानं हुकूम काढला, त्याच्या जागी झाडपाल्याचं काहीतरी शोधा. मला गोदामातून काढून लॅबमध्ये टाकलंय. वाटायचं, चाळायचं, भांडी घासायची. तिथं दीक्षा मॅडम आहेत, नागपूरकडच्या. मराठी बोलायला माणूस मिळाला म्हणून मला जवळ बसवतात.

परवा त्यांनी विचारलं, "तुमच्या कोकणात मटण टिकवायला काय घालतात रे?"

मी म्हटलं, "मॅडम, टिकवायला उरतं कुठं?"

त्या हसल्या. मग मला रातांबा आठवला, त्या त्याला कोकम म्हणतात. जत्रेचा बोकड पडला की आई सागुतीच्या रश्शात चार साली जास्त टाकायची, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वास येत नसे. हे सांगितल्यावर मॅडमनी लगेच वहीत लिहून घेतलं. म्हणाल्या, थोडी साल मागव, ट्रायल घेऊ.

तुझ्या माहेरी परड्यात तीन रातांबे आहेत, मला ठाऊक आहे. आता फळं धरली असतील. तू साल वाळवून पाठवशील का? आमसुलं नकोत. रसात, आगळात बुडवायची नाही. नुसती साल, सावलीत ठेवून मग उन्हात, बाकी काही लावायचं नाही. पास झाली तर दरवर्षी मागतील. तुझ्या हाताला तुझं काम होईल, भावजयीच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही.

जे झालं त्याला वर्ष होऊन गेलं. शिवरात्रीला वरीचा भात तू केलास, आई आणि शेजारची काशीकाकी जेवल्या. काकी ओकून वाचली. आईला जीपमध्ये घातलं, महाड यायच्या आधीच संपली, दादानं तिथूनच गाडी मागं फिरवली. डॉक्टर नाही, पोलीस नाही, आणि वाडी म्हणाली सुनेनं घातलं. मी कधी तसं म्हटलं नाही. एवढं तरी माझ्या नावावर ठेव.

तुझी अपू चालते आता. दादानं व्हिडिओ पाठवला होता. दारातल्या कोंबड्यांच्या मागं जाते. तुला कोण दाखवत नसेल म्हणून लिहिलं.

हृतिक


२७ एप्रिल २०२५
हैद्राबाद

वयनी,

पार्सल पोचलं. चिठ्ठी नव्हती. पिशवी दोनदा झटकून बघितली.

पण साल पाठवलीस. मॅडमनी मूठभर ताटलीत पसरली आणि म्हणाल्या, "कुणी वाळवली ही? एक साल करपलेली नाही." मी म्हटलं, माझ्या वयनीनं. हे म्हणताना बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

ट्रायलची गंमत सांगतो. डाळिंबाच्या सालीनं कांडी काळी पडली, भट्टीतल्या लाकडासारखी. कढीपत्त्यानं टिकली चांगली, पण मॅनेजर तोंडात घालून म्हणाला, "ये चिकन है या कढी?" शेवग्याच्या पाल्याची हिरवी झाली, ती तर कुत्र्यानं पण हुंगून सोडली. खरंच, गेटवरचा कुत्रा होता. तुझ्या सालीनं नऊ दिवस वास धरला नाही. थोडी आंबट लागते, पण मॅडम म्हणतात आंबटाचं बघता येईल. रंगाची तेवढी अडचण आहे. लाल राहत नाही. फिकट पडते, मग जराशी निळसर, आजारी माणसाच्या

ते राहू दे. रंगाचं काहीतरी निघेल.

मॅडमनी मला समजावलं, ते रसायन दोन कामं करतं. मांस सडू देत नाही आणि लाल ठेवतं. झाडपाल्यात एक काम करणारे पुष्कळ, दोन्ही करणारा सापडत नाही. सापडला की तुझं काम पक्कं समज.

मी दादाला फोन केला होता. तुझं पार्सल आलं हे आवर्जून सांगितलं. तो म्हणाला, "तिच्या हातचं तिकडं खपवतोस होय रे? जपून." मी फोन ठेवला. वयनी, माणसं दोन वर्षांत विसरतात. विषय जुना होऊ दे. तू हाताला काम धरलंस, चार माणसांत तुझं नाव झालं, की दादाचंही मन वळेल आणि अपू तुझ्याकडं येईल. मी मधे पडून बघतो. तू फक्त साल पाठवत राहा.

हृतिक


१८ मे २०२५
हैद्राबाद

वयनी,

दुसऱ्या पार्सलात तुझी चिठ्ठी आली. मी ती इतक्यांदा वाचली की आता पाठ आहे. तरी इथं उतरवतो, म्हणजे मला पळवाट राहणार नाही.

"भावजी, दोन्ही पत्रं वाचली. मांस कसं टिकवायचं ते दोन पत्रभर लिहिलंत. रातांबा लिहिलात, डाळिंब, कढीपत्ता, शेवगा लिहिलात. मीठ एकदाही लिहिलं नाहीत. आगळात बुडवू नको म्हणालात, मीठ लावू नको म्हणाला नाहीत. माणूस जो शब्द टाळतो त्याच्यापाशी काहीतरी असतं. आईंच्या दिवसांत मी उपासाची बरणी बघितली तर धुऊन पालथी घातलेली. मी धुतली नव्हती. मीठ कुठलं होतं?"

मीठ माझं होतं.

लिहिलं. आता सगळं सांगतो.

आई उपासाला बाजारचं साधं मीठ खात नसे हे तुला माहीतच आहे. खाडीचं मीठ म्हणजे मासळीच्या पाण्यातलं, ते उपासाला बाटतं, हे तिचं म्हणणं. तिला सैंधव लागायचं, गुलाबी. कापडे गावच्या दुकानातला खडा फोडता फुटत नाही म्हणून कुरकुरायची. मी इथं गोदामात लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात पोती बघितली. आत बारीक गुलाबी मीठ, पिठासारखं. मला वाटलं सैंधव. कंपनी एवढी मोठी, भारीतलं मीठ वापरत असणार. वर इंग्रजीत लिहिलं होतं, मला कुठलं येतंय. विचारलंही नाही, विचारलं असतं तर घेता आलं नसतं. एक पिशवी भरली आणि माघात घरी आलो तेव्हा आईला दिली. आठवतं का, तिनं चिमटीत धरून उन्हात बघितलं आणि तुला म्हणाली, "बघ गो, माझ्या पोरानं कसं मऊ आणलंय. थोरला आणतो तो दगूड." तू म्हणालीस, "भावजी पहिल्यांदा कायतरी कामाचं घेऊन आलं."

जुना खडा संपल्याशिवाय नवं काढायचं नाही म्हणून ते शिवरात्रीपर्यंत बरणीत राहिलं.

तेच ते रसायन, वयनी. मांस लाल ठेवणारं. मिठात कालवून येतं. नुसत्या मिठासारखं दिसू नये, कुणी चुकून जेवणात घालू नये म्हणून त्याला जाणूनबुजून गुलाबी रंग देतात. सगळ्या जगात हा रंग बघून माणसं लांब राहतात. आपल्या घरात हा रंग बघून आईनं ते देवाच्या नावानं खाल्लं. मासळीच्या पाण्याचं नको म्हणून खाटीकखान्याचं.

तू नैवेद्याआधी चाखलं नाहीस, कुणीच चाखत नाही. आणि तू जेवली नाहीस ते आईनंच सांगितलं होतं म्हणून. "तू उपास धरू नको, अंगावर पाजतेस, पोरीचं दूध आटंल." तुला तिनं डाळभात खायला लावला. पुढं तोच डाळभात तुझ्यावर आला. स्वतः केलं आणि स्वतः शिवली नाही, म्हणाले सगळे. आईचं ते बोलणं काशीकाकीनं शेजारी बसून ऐकलं होतं. तिलाही मग आठवेना.

दादाचा फोन आला तेव्हा मी गोदामात पोती मोजत होतो. तो म्हणाला, "आई गेली रे. ओठ निळं पडलं व्हतं, नखं पण." मी फोन ठेवला आणि गोदामवाल्याला विचारलं, हे मीठ खाल्लं तर काय होतं. तो हसला. "नमक समझा क्या? दवा है वो. चम्मच भर गया तो आदमी नीला पड़ जाता है." मी विचारलं, मग सांगितलं का नाही कधी? तो म्हणाला, "तेरे को खाने को किसने बोला?"

म्हणजे मी बसमध्ये बसलो तेव्हा मला माहीत होतं. घरी उतरलो तेव्हा माहीत होतं. तू मोरीच्या दारात उभी होतीस, अपू कडेवर. मला म्हणालीस, "भावजी, मी कायपण घातलं नाय हो." मी मान हलवली. तू समजलीस की माझा विश्वास आहे. विश्वास नव्हता तो, मला ठाऊकच होतं.

मला चोर म्हणतील, नोकरी जाईल, दादा मारील, अशी भीती होती. आता ती वाचताना किती लहान दिसते. तेव्हा तुझ्यापेक्षा मोठी होती.

हृतिक


१५ जून २०२५
हैद्राबाद

वयनी,

सोमादादाचा फोन आला. शिव्या देईल वाटलं होतं, त्यानं एकही दिली नाही. म्हणाला, "हिला लिहिलंस ते पोलिसात लिही. आणि ती इचारते, बरणी कुणी धुतली. त्याचं उत्तर नाय आलं."

ते उत्तर लिहायला महिना घेतला. मधल्या काळात इथं काय झालं ते आधी सांगतो. टाळत नाही, दोन्ही एकाच गोष्टीकडं जातं.

पाला सापडला. पालक. वाळवून पावडर केलेला पालक, त्याला दह्यासारखं विरजण लावतात. कांडी टिकली आणि लालही राहिली, अगदी पहिल्यासारखी. मालक आला, पेढे वाटले. पाकिटाचं नवं चित्र आलंय, हिरवं पान आणि खाली ‘कृत्रिम काही नाही’. तुझी साल नको म्हणाले, रंग धरत नाही. म्हणजे मी तुला जे काम देणार होतो ते गेलं. मी देणारा कोण होतो म्हणा.

भांडी घासताना मी मॅडमना विचारलं, पालक एवढा लाल कसा ठेवतो. त्या म्हणाल्या, "तेच आहे रे. पालकात ते मुळात असतं. विरजण लावलं की तेच रसायन तयार होतं. मापात राहिलं तर दोन्ही खपतं, मापाबाहेर गेलं तर दोन्ही वाईट. फक्त पाकिटावर पालक लिहिता येतं."

मी म्हटलं, "मग बदललं काय?"

"लिहिलेलं बदललं," त्या म्हणाल्या. "लोक लिहिलेलंच वाचतात. तू जा आता, टब भरलाय."

मला माझी पहिली दोन पत्रं आठवली. तुझी साल छान, तुझ्या हाताला काम, मी मधे पडून बघतो. त्याच गोष्टीला पाला लावून पाठवत होतो.

बरणी मी धुतली.

तिसऱ्या दिवशी सगळे राख सावडायला गेले. मी पाय मुरगळला म्हणून घरी राहिलो. तू मागच्या पडवीत अपूला पाजत होतीस. बरणी अर्धी भरलेली होती. मी ती सदऱ्याखाली धरून व्हाळावर गेलो आणि कोंडीत ओतली. फाल्गुन लागायचा होता, पाणी वाहत नव्हतं, घागरी बुडतील एवढीच कोंड उरली होती. हलवून हलवून विरघळवलं. बरणी धुतली, फळीवर पालथी घातली. घटकाभराचं काम.

दुसऱ्या दिवशी काशीकाकी धुणं घेऊन गेली आणि ओरडत वर आली. कोंडीतले मळवे पोट वर करून तरंगत होते. "बघा रं, हितंच तिनं त्या दिवशी भांडी घासली. मासं मेलं. आता कुणाला सांगायचं ऱ्हायलं?" तोवर वाडीत नुसती कुजबुज होती. दादा तुझ्याच बाजूनं होता, हे तुला ठाऊक नसेल. आदल्या संध्याकाळी तो मला म्हणाला होता, "वैशू असं करायची नाय. शिळं कायतरी झालं असंल." मासे बघून आला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता. त्यानं अपूला तुझ्या हातातून घेतली. तुझी पिशवी भरली. तू म्हणत होतीस, "तिला भूक लागंल, दोन वाजता पाजते मी तिला." त्यानं ऐकलं नाही.

मी तिथं होतो. तुझी पिशवी गाडीत मीच ठेवली.

ते मासे तू मारले नव्हतेस. तुझी भांडी घासून तोवर चार दिवस झाले होते. एवढा हिशेब वाडीत कुणी केला नाही, आणि मला येत असून मी केला नाही.

नोकरी सोडतोय. येतो. आल्यावर काय ते लेखी देतो, पोलिसात आणि दादाला.

हृतिक


३ ऑगस्ट २०२५
पोलादपूर

वयनी,

तू सांगून ठेवलंयस की यापुढं पत्र नको. हे शेवटचं. परवा तुझ्या दारात मला नीट बोलता आलं नाही, आणि काल काय केलं ते तुला कळायला पाहिजे.

आधी अर्ज कसा लिहिला ते. पोलीस ठाण्यात हवालदारानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "बाई जळून दीड वर्ष झालं. आता मी तपासू काय, तुझं तोंड? तुझ्या हातानं लिहून दे." मी बाकावर बसून लिहिलं. दोन झेरॉक्स काढल्या, शिक्के घेतले, वर वाडीत जाऊन एक दादाच्या हातात दिली. त्यानं उभ्यानं वाचली. मला मारील म्हणून मी तयार होतो. त्यानं कागदाची घडी केली, खिशात घातली, आणि उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "मी तिला एकदा पण इचारलं नाय रे. एकदा पण." मग म्हणाला, "चल. पोर द्यायला जायचं."

काशीकाकी वाटेत आडवी आली. "चुकून झालं म्हनं? मग बोलवून घ्या की सुनेला. मी काय, मासं बघितलं ते सांगितलं." दादा तिला म्हणाला, "काकी, आईनं तिला उपास धरू नको म्हटलं ते तू ऐकलं व्हतंस ना?" काकी म्हणाली, "आता एवढं जुनं कुणाच्या ध्यानात ऱ्हातं." आणि कोंबड्यांना हाकलायला लागली.

दासगावला आलो तेव्हा तू दारात होतीस. अपू तुझ्याकडं येईना. दादाच्या पायाला धरून राहिली. तू तिला ओढली नाहीस. खाली बसलीस, तिच्या उंचीची झालीस, आणि हात पुढं न करता तशीच बसून राहिलीस. सोमादादाची बायको आत गेली, तिला बघवेना. बरंच झाल्यावर अपूनं तुझ्या बांगडीला बोट लावलं, तेवढंच, आणि पुन्हा मागं सरकली. दादा म्हणाला, "वैशू, घरी चल." तू त्याच्याकडं बघितलंही नाहीस. म्हणालीस, "पोर इथं ऱ्हाईल. तुम्ही आठ दिवस येऊन बसा तिच्यापाशी, तिला माझी सवय होईपर्यंत. मग जा."

मग तू माझ्याकडं हात केलास, कागदासाठी. दारातच वाचलास. मी म्हटलं आता सुटलो.

तू म्हणालीस, "यात दोनदा चुकून लिहिलंय."

मला कळलं नाही. तू बोट ठेवलंस. "हे बघा. माझ्या हातून चुकून ते मीठ घरी आलं. हे खरं. आणि इथं खाली, चुकून बरणी रिकामी झाली व पाण्यात गेली. भावजी, पत्रात मला काय लिहिलंत?"

मी म्हटलं, वयनी, पोलिसात तसं लिहिलं तर पुरावा नाहीसा केल्याचं कलम लागतं.

तू म्हणालीस, "पहिल्यानं आई गेल्या. ती चूक होती, मी मानते. दुसऱ्यानं मी गेले. माझं दूध आठ दिवस दुखून आटलं, ते त्या दुसऱ्यानं. ती चूक नव्हती." आणि कागद परत दिलास. दार लावलं नाहीस, पण आत गेलीस.

मला त्या रात्री तुझा राग आला. लिहितो ते खरं लिहितो. सगळं दिलं, नोकरी सोडली, नाव घालवलं, आणि हिला एका शब्दाचं पडलंय. सकाळपर्यंत राग होता. मग वाडीत घरी अपूचे राहिलेले कपडे भरताना दादानं मला तिचं एक झबलं दाखवलं, सात महिन्यांचं. दुधाचा डाग तसाच होता, कुणी धुतलं नव्हतं. मी एसटी धरली.

हवालदारानं मला बघून कपाळाला हात लावला. "परत? आता काय ऱ्हायलं?"

मी म्हटलं, एक शब्द बदलायचाय.

"दिलेल्या अर्जात खाडाखोड चालत नाय. नवा लिही. कुठला शब्द?"

मी दाखवला. त्यानं वाचलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा वाचलं. आवाज खाली आणून म्हणाला, "अरे, हे तसंच ऱ्हाऊ दे. हा शब्द काढलास तर साहेबाला पुढं पाठवावं लागंल. केस होईल. कोण मागतंय तुझ्याकडं?"

मी म्हटलं, मागतंय.

त्यानं कोरा कागद दिला. मी पहिल्यापासून लिहिलं, सगळं उतरवून. मीठ घरी चुकून आलं, तिथं चुकून ठेवलं. खाली आलो आणि थांबलो. त्या जागी काय घालायचं ते माहीत होतं, पण मुद्दाममधलं ते जोडाक्षर मला लिहिता येईना. दोन द एकात एक. दोनदा गिरवलं, दोन्हीदा भलतंच झालं. हवालदार म्हणाला, "आण इकडं, मी लिहितो." मी म्हटलं, नको. तुम्ही बाजूला काढून दाखवा. त्यानं जुन्या पावतीच्या मागं काढून दाखवलं. ते बघून मी लिहिलं. बाकीच्या अक्षरांपेक्षा मोठं आलंय, ओळीच्या बाहेर गेलंय, पण वाचता येतं.

झेरॉक्स सोबत आहे.

हृतिक